कूलरच्या आवाजातला सिनेमा

यंदाही नवतपा लागला. ऊन सकाळी आठलाच अंगणात येऊन बसलं आणि दुपारपर्यंत रस्त्यावर कुत्रंही दिसेनासं झालं. नवतप्याच्या नऊ दिवसांत नागपूरचा माणूस उन्हाशिवाय दुसरं काही बोलत नाही. फोन केला तरी आधी 'किती गेलं आज?' आणि मग 'कसे आहात?'. शेजारच्यांनी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, त्यावर पाणी सोडलं, आणि तो ओला वास भिंत ओलांडून आमच्याकडे आला. दरवर्षी हा वास आला की मला उगाच हसू येतं. मी शिक्षिका आहे, वर्गात कुणी विनाकारण हसलं तर रागावते. पण या वासापुढे माझं काही चालत नाही.

यंदा हसू आलं नाही. आमच्याकडे कूलर लागलाच नाही. बाबांच्या खोलीत एसी बसवलाय.

एसी मला आवडत नाही. चालू आहे की बंद, हे हात वर करून बघावं लागतं. कूलरचं तसं नसतं. कूलर घरात असला की तो घरातला सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस असतो. आमचा जुना लोखंडी कूलर तर असा घरघरायचा की बाहेर कुणी कडी वाजवून वाजवून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच बोल लावायचं. आता या खोलीत इतकी शांतता असते की बाबांचा श्वास ऐकू येतो. तो ऐकत बसायचं काम मी आणि आई आळीपाळीनं करतो.

माझं लहानपण कोराडीच्या वसाहतीत गेलं. बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते. दारात उभं राहिलं की केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या, आणि गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर आई जुनं लुगडं पांघरायची, कारण आमच्याकडे आभाळातून राख पडते हे तिनं लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळं जग गावाला जायचं. शाळेतल्या मुली पचमढीला जायच्या, चिखलदऱ्याला जायच्या, निदान सावनेरला मामाकडे तरी. आम्ही कुठंच जायचो नाही. ऊन वाढलं की विजेची मागणी वाढते, आणि मागणी वाढली की बॉयलरवरच्या माणसाला सुट्टी मिळत नाही. ऊन हेच आमच्याकडे गावाला न जाण्याचं कारण होतं, जे इतरांकडे जाण्याचं असे.

मी आणि माझा धाकटा भाऊ विजू फार रडारड करायचो. बाबा म्हणायचे, "अरे बाप्पा, तुमच्या मामाच्या घरचा कूलर कोन चालवते? मी चालवतो. मी निघून गेलो त मामाचा कूलर बंद. मग मामाकडं जाऊन का भाजून निघता?"



म्हणून मग तो सिनेमा. नवतप्यात बाबांना ज्या दिवशी दुपारी घरी राहता येईल त्या दिवशी तो लागायचाच, जसा इतरांकडे सुट्टीत प्रवास व्हायचाच. आधी भाड्याच्या व्हीसीआरवर, नंतर बाबांनी कॅसेटच विकत घेतली. जुना हिंदी विनोदी सिनेमा. त्याचं खरं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे, 'गाडीवाला सिनेमा' म्हणत. एक कारकून उन्हाळ्यात आपल्या साहेबाची मोटार मागून आणतो आणि बायको, मुलं, मेव्हणा, मामीबाई असं सगळं बिऱ्हाड त्यात कोंबून थंड हवेच्या गावाला निघतो. बस, एवढंच. गाडी बंद पडते, मेव्हणा हरवतो, टपावरचं गाठोडं उडून बैलाच्या शिंगात अडकतं. गाव काही केल्या येत नाही.

गंमत अशी होती की आम्ही तो सिनेमा कधी ऐकलाच नव्हता. टीव्ही समोरच्या खोलीत, कूलरही त्याच खोलीच्या खिडकीत. टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत पिळला तरी पडद्यावरची माणसं माशांसारखी नुसती तोंडं हलवायची. कूलर बंद करावा तर पाच मिनिटांत पाठ ओली. तेव्हा ऐकायचं की जगायचं, असा तो सरळ प्रश्न होता, आणि आम्ही जगायचो. ऐकवायचं काम बाबांनी आपल्याकडे घेतलं होतं.

लुंगी-बनियनवर ते खुर्चीत बसायचे आणि पडद्यावर ज्याचं तोंड हलेल त्याचं बोलायचे. बायकोचा आवाज बारीक, मेव्हण्याचा नाकातून, साहेबाचा घशातून. बॉयलरच्या गोंगाटात जन्म काढलेला माणूस. कूलरला काय मोजतो? गाडी पहिल्यांदा बंद पडते तिथं तो कारकून खाली उतरतो, बॉनेट उघडतो आणि इंजिनाकडे वाकून बराच वेळ काहीतरी बोलतो. बाबा खुर्चीतून उठायचे, टीव्हीपाशी जाऊन तसेच वाकायचे. "काहून वं बाई, रुसली काहून? सकाळी तुले पाणी पाजलं. कुंकू लावलं. लिंबू-मिरची बांधली. आता का तुयासाठी बँड लावू?"

मी आणि विजू हसून लादीवर पालथे पडायचो. पोट दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, 'बाबा, थांबा' म्हणायलाही श्वास उरायचा नाही. आणि बाबा थांबायचे नाहीत. थांबायचे नाहीत म्हणजे नाहीतच. दरवर्षी तेच शब्द, तोच वाकलेला माणूस, आणि दरवर्षी आम्ही तसेच असहाय. हसण्यातही माणूस असहाय होतो, हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

आई कधीच आमच्यात बसली नाही. तिची उन्हाळी कामं असायची. मागच्या पडवीत काडीवर कणकेचे सरगुंडे वळायचे, कैऱ्या उकडायच्या, शेवया करायच्या. तिला बोलावलं तर ती आतूनच म्हणायची, "पाहा तुमी. मले ते येड्यावानी हसनं जमत नाही."

बाबांना लकवा मारला तो गेल्या हिवाळ्यात. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू थोडा परत आला, भिंत धरून न्हाणीपर्यंत जातात. बोलणं आलं नाही. आला तो एकच शब्द. 'हो.'

पहिल्यांदा ते 'हो' म्हणाले तेव्हा आईनं देवळात नव्हे, पण विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या, शेजारणींना पेढे दिले. आम्हाला वाटलं, दार किलकिलं झालं. आता बाकीचे शब्द येतील. हळूहळू लक्षात आलं की दारातून एकच पाहुणा आलाय आणि तोच पुन्हा पुन्हा येतोय. बाबा, पाणी हवं? हो. नको? हो. दुखतंय? हो. नाही ना दुखत? हो. मान हलवायला सांगितलं तर मानही हो म्हणूनच हलते. त्यांना सगळं समजतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. समजतं म्हणूनच तो 'हो' म्हणून झाल्यावर ते आपल्याकडे अशा नजरेनं बघतात की आपल्याला खोलीतून बाहेर जावंसं वाटतं.

त्यांच्या जुन्या पाळीतले एक काका भेटायला आले. दारातूनच म्हणाले, "जयभीम, बडेभाऊ!" हे ऐकलं की बाबा आयुष्यभर खणखणीत उत्तर द्यायचे, समोरचा दचकेल असं. बाबांनी डावा हात वर केला, ओठ जुळवले, कपाळावरच्या शिरा फुगल्या. आणि म्हणाले, "हो." काकांनी पाणी मागितलं आणि ते न पिताच निघाले.

एका सकाळी ते खिडकीकडे हात करून सारखं हो, हो म्हणत होते. मी पडदा उघडला. हो. बंद केला. हो. एसी कमी केला, जास्त केला. उशी बदलली. चादर झटकली. आई म्हणाली, "ऊन लागून राहिलं का तुमाले?" हो. "का कावळा दिसला?" हो. कुणाची आठवण येते का, विजूला फोन लावू का, पाठ खाजवू का; आम्ही दोघी बायका तासभर त्या पलंगाभोवती फिरत होतो. शेवटी त्यांनी हात खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना काय हवं होतं, ते आजतागायत कळलेलं नाही. आई पडवीत जाऊन उभी राहिली. 

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? माझे बाबा 'नाही'साठी प्रसिद्ध होते. मला बघायला आलेल्या एका घरानं स्कूटरचा विषय काढला तेव्हा चहाचे कप अजून हातात असताना ते म्हणाले होते, "नाही. आन् पोरगीही नाही. चहा पिऊन घ्या." साहेब म्हणाला, बॉयलरची ही झडप चालू ठेवा, काही होत नाही; बाबा म्हणाले, नाही. आई म्हणायची, "यायच्या तोंडात पहिले नाही येते, मंग दात." भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाचं 'नाही' फिरत नाही. त्या माणसाला आता कुणीही काहीही विचारावं आणि त्यानं हो म्हणावं. नको असलेला चहा प्यावा, नको असलेल्या कुशीवर निजावं. बोलता येणं म्हणजे काय, हे मला तीस वर्षं मुलांना भाषा शिकवून कळलं नव्हतं. बोलता येणं म्हणजे नाही म्हणता येणं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम येतात. तरुण आहेत, चिकाटीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "तोंडात बसलेलं काही असेल तर ते करून बघा. गाणं, प्रार्थना, पाढे. कधी कधी नवीन वाक्य येत नाही, पण जुनं आपोआप येतं." आम्ही त्रिसरण म्हणून पाहिलं. बाबांचे ओठ आमच्याबरोबर हलले, डोळे मिटले, आणि शेवटी आम्ही थांबलो तेव्हा एकटा 'हो' मागं राहिला. पाढे झाले. बॉयलरच्या भागांची नावं मीच चुकीची म्हणत होते. मग शेजारचा कूलर सुरू झाला, वाळ्याचा वास आला, आणि मला गाडीवाला सिनेमा आठवला. याच्याइतकं तोंडात बसलेलं आमच्या घरात दुसरं काय होतं?

आजकाल काहीही सापडतं. मोबाइलवर सापडला, टीव्हीवर लावला. बाबांना तीन उशा देऊन बसवलं. तीच मोटार, तेच गाठोडं. बाबांचा डावा हात गुडघ्यावर टकटक करायला लागला. मी मनात म्हटलं, येणार. आज येणार.

आणि पडद्यावरची माणसं बोलायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे आवाज ऐकत होते. एसीच्या शांततेत एकेक अक्षर स्वच्छ. बायकोचा आवाज बारीक नव्हताच, चांगला घोगरा होता. मेव्हणा नाकातून बोलत नव्हता. आणि बोलत होते ते भलतंच. एकही वाक्य बाबांचं नाही. गाडी बंद पडली, कारकून उतरला, बॉनेट उघडून वाकला, आणि गाडीला म्हणाला, की त्याची नोकरी गेली आहे. सहल संपली की साहेबाला किल्ली द्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून काय, ते ठाऊक नाही. पोरांना वचन दिलं होतं म्हणून तो त्यांना घेऊन निघालाय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मग मेव्हणा त्याच्या डोक्यावर बॉनेट पाडतो आणि सगळं पुन्हा विनोदी होतं. मला मात्र हसता येईना. ज्या वाक्यावर आम्ही लादीवर लोळलो होतो ते वाक्य हे होतं.

बाबांनी हा सिनेमा लग्नाआधी नागपुरात, बर्डीच्या टॉकीजमध्ये पाहिला होता, असं ते नेहमी सांगायचे. म्हणजे त्यांना खरं बोलणं ठाऊक असणार. मग ते विसरले होते, की ज्या घरातली मुलं सहलीला जाऊ शकत नाहीत त्यांना ते ऐकवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं? मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. विचारणार काय? तुम्हाला माहीत होतं का, बाबा? हो. नव्हतं माहीत? हो.

त्यांची टकटक थांबली होती. ते पडद्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते. माझ्या लक्षात आलं की आपण काय केलंय. त्यांचा आवाज तर गेलाच होता; त्यांच्या जागी मी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आणून बसवला होता. मी घाईघाईनं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. चित्रं हलत राहिली. खोलीत काहीच ऐकू येईना. ते आणखी वाईट होतं.

तेवढ्यात आई आली. पन्ह्याचा पेला घेऊन आली होती. दारात उभी राहून तिनं टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाच का तो?"

तिनं तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं मागच्या पडवीत बसून ऐकला होता फक्त. ती पलंगाच्या कडेला टेकली. पडद्यावर मेव्हण्यानं तोंड उघडलं, आणि आई, जिला येड्यावानी हसणं जमत नाही ती माझी आई, नाकातून बोलायला लागली. "जिजाजी, मले भूक लागली. जिजाजी, तुमाले नाही लागली का? मंग तुमचीही मीच खातो." शब्दाला शब्द बाबांचा. हेलसुद्धा बाबांचे. कोणता माणूस कोणता हे तिला चेहऱ्यावरून ठाऊक नव्हतं, म्हणून ती एक वाक्य मागं राहायची आणि मग धावत गाठायची. कूलरच्या वरताण ओरडणारा नवरा तिला पडवीत स्पष्ट ऐकू येत होता, आणि सरगुंडे वळता वळता तिनं तो सगळा पाठ केला होता. बाबा तिच्याकडे बघत होते. सिनेमाकडे नाहीच.

मग घाटाच्या पायथ्याशी एक बकरी गाडीत शिरते. आम्ही लहानपणी त्या प्रसंगाची वाट बघायचो. बकरी मागच्या सीटवर मामीबाईंच्या शेजारी जाऊन बसते आणि खिडकीबाहेर तोंड काढते. बाबांचं वाक्य असं होतं: "बकरी म्हनते, मले घाट लागते, खिडकी माही." आईनं बाई पाहिली, बकरी पाहिली, तिची जरा धांदल उडाली. ती म्हणाली, "मामी म्हनते, मले घाट लागते…"

बाबांचा डावा हात पलंगावर आपटला. पन्हं सांडलं. त्यांचा चेहरा लाल झाला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि आतून कुठून तरी, घासत, पण अगदी ओळखीचं,

"ना… नाही!"

आम्ही तिघंही दचकलो. सगळ्यात जास्त बाबा. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी ओरडलेच, "बाबा! काय म्हणालात? परत म्हणा!" ते म्हणाले, "हो." "नाही म्हणालात ना?" "हो." आई त्यांच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "पाणी पाहिजे का तुमाले? नको ना? म्हना, नको. नाही म्हना." हो, ते म्हणाले. हो. हो. आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मॅडमना फोन केला. त्या आनंदल्या, पण जपून बोलल्या. असं एखादं येतं, म्हणाल्या. पुन्हा येईलच असं नाही. ठरवून बोलावता येत नाही. चिडल्यावर येतं कधी कधी.

आईनं त्यातलं हे शेवटचंच ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं मला सिनेमा लावायला सांगितला. आवाज बंद. ती कडेला टेकली आणि बोलायला लागली. साहेबाचं बोलणं मेव्हण्याला दिलं, बायकोचं साहेबाला. गाडी पेट्रोलऐवजी ताक पिते म्हणाली. मी हसून म्हटलं, "आई, अगं सगळं चुकतेस. काल तर बरोबर येत होतं."

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. हळूच म्हणाली, "माहीत हाये मले. गप बस वं."

तेव्हापासून रोज दुपारी हे चालतं. जन्मभर ज्या बाईनं या माणसाचं 'नाही' ऐकून कपाळावर हात मारला, ती आता त्याच्यासाठी रोज नव्या चुका शोधून आणते. कधी बाबांचा हात आपटतो, कधी नुसत्या शिरा फुगतात. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. ते थकून डोळे मिटतात आणि आम्ही टीव्ही बंद करतो. आज बकरी गाडीत शिरली तेव्हा आई जरा पुढे झुकली आणि मोठ्यानं म्हणाली, "म्हैस म्हनते, मले पुढं बसू द्या." बाबांनी डोळे उघडले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"सांगा ना," आई म्हणाली, "म्हैसच हाये ना ते?"